उजवं मागलं चाक

गाडीच्या मागच्या बाजूनं आवाज येतोय, हे मला पहिल्यांदा सांगितलं एका मेंढपाळानं. मी सिरसाळ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे आणि राहते अंबाजोगाईला. रोज जाऊन-येऊन करते. दिवाळी होऊन गेली होती, ज्वारी गुडघ्याला लागली होती. एका पडीक रानात त्याचा कळप बसला होता. मेंढ्यांना लस टोचून झाली आणि तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. मी गाडी वळवून त्याच्या पुढून नेली, तर त्यानं हात करून थांबवलं.

"मॅडम, तुमच्या गाडीला आवाज न्हाई म्हणून माज्या मेंढ्या कधी बुजत न्हाईत," तो म्हणाला. "आज बुजल्या. मागं कायतरी घासतंय बघा."

मी काचा लावून, पंखा चालू ठेवून गाडी चालवायची. त्या दिवशी काचा खाली केल्या, पंखा बंद केला आणि निघाले. चाळिसाच्या पुढं काटा गेला आणि मलाही ऐकू आलं. बारीक, एकसारखी घरघर. वेग वाढवला की वाढायची, कमी केला की विरून जायची. डिकीत लसींचा थंड डबा आणि औषधांची पेटी असते, त्यातलं काही घासत असेल म्हणून थांबून दोन्ही पुढच्या सीटवर आणून ठेवलं. काही फरक पडला नाही.

ही गाडी विजेवर चालणारी. दोन वर्षांपूर्वी घेतली तेव्हा आमच्या गल्लीत तशी दुसरी नव्हती. मला तिची शांतता आवडायची. दिवसभर हंबरणं, भुंकणं, माणसांचं एकमेकांवर ओरडणं ऐकून संध्याकाळी गाडीत बसलं की डोकं हलकं व्हायचं. आता त्याच शांततेमुळं ती घरघर लपत नव्हती. जुन्या डिझेल गाडीत असती तर सहा महिने कळलीही नसती.

शनिवारी रजा टाकून मी लांबच्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या तरुण साहेबानं सगळं नीट ऐकून घेतलं. "मॅडम, या गाड्यांना इंजिन नाही ना, म्हणून टायरचा आवाज जास्त वाटतो," तो म्हणाला. त्यांनी मागची चाकं उघडून ब्रेकमधली धूळ साफ केली आणि पुढचे टायर मागं, मागचे पुढं घातले. येताना केजपर्यंत मला वाटलं, गेला आवाज. केज सोडलं, रस्ता गुळगुळीत झाला, आणि तो होताच. सोमवारी फोन केला तर म्हणाले, गाडी आठ दिवस ठेवावी लागेल, मागचा अख्खा ॲक्सल उतरवून बघू. तेव्हा आमची लाळ-खुरकुताच्या लसीकरणाची फेरी चालू होती. गावोगाव लस घेऊन जायची होती. आठ दिवस गाडीशिवाय जमणार नव्हतं.

आण्णांना यातलं मी काही सांगितलं नव्हतं.

आण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून आम्ही दोघंच राहतो. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी पस्तीस वर्षं काढली. गाडी आत येताना नुसती ऐकून ते सांगायचे, कुठला पट्टा सैल झालाय, कुठलं बेरिंग गेलंय. पण त्याच वर्कशॉपमधल्या हातोड्यांनी त्यांचे कान गेले. उजवा पूर्ण, डावा अर्धा. निवृत्त झाल्यावर सुरुवातीला लोक गाड्या घेऊन घरी यायचे. मग हळूहळू आण्णाच नको म्हणायला लागले. ऐकू येत नसताना गाडीला हात लावायचा म्हणजे फसवणूक, असं त्यांचं म्हणणं. माझी नवी गाडी आली त्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडलं, आतला पेटीसारखा मोटारीचा डबा आणि नारिंगी जाड वायरी बघितल्या, आणि बॉनेट लावून टाकलं. "यात माजं काय काम न्हाई," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते त्या गाडीत बसले ते दवाखान्यात जाण्यापुरते, आणि तेही मागच्या सीटवर.

म्हणून मी सांगितलं नव्हतं. पण मंगळवारी सकाळी चहा घेताना त्यांनीच विचारलं.

"शनिवारी कुठं गेलतीस?"

मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. ते बशीकडं बघत ऐकत होते. मग एकेक प्रश्न आला.

"ब्रेक दाबल्यावर बदलतो का?"

"नाही."

"ॲक्सिलेटर सोडल्यावर?"

"नाही. तसाच राहतो."

"मंग मोटर न्हाई आन ब्रेकबी न्हाई." त्यांनी बशी खाली ठेवली. "वळणावर काय करतो?"

ते मी कधी बघितलंच नव्हतं. सर्व्हिस सेंटरमध्येही कोणी विचारलं नव्हतं. मी तसं सांगितल्यावर आण्णा उठले, खुंटीवरचा सदरा घातला आणि चप्पल न घालता बाहेर येऊन गाडीजवळ उभे राहिले.

परळीच्या रस्त्याला लागलो. ते मागच्या सीटवर डावीकडं बसले होते. अनवाणी पाय खाली टेकवलेले, एक तळहात सीटवर. मला म्हणाले, पन्नासावर धर आन हलवू नको. थोडं पुढं गेल्यावर थांबायला सांगितलं, उतरून उजव्या बाजूला येऊन बसले आणि परत निघायला सांगितलं. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. डोळे मिटलेले होते. हे असे डोळे मिटलेले मी लहानपणी बघितले होते, मी त्यांचा डबा घेऊन डेपोत जायचे तेव्हा.

पुढं वळणं सुरू झाली. "आता तू ऐक," ते म्हणाले. "मला ऐकू यायचं न्हाई. डावं वळण आलं की काय होतं ते सांग."

डावं वळण आलं. घरघर एकदम मोठी झाली, जणू कोणी मागं जातं फिरवतंय. वळण संपल्यावर ती पहिल्यासारखी झाली, आणि पुढच्या उजव्या वळणावर जवळजवळ बंद पडली.

मी मोठ्यानं सांगितलं. आण्णांनी मान हलवली.

"डावीकडं वळताना गाडीचं वजन उजव्या बाजूला जातं. उजव्या चाकावर वजन आलं की ते रडतंय. मागलं उजवं. बेरिंग."

"नक्की?"

"चाक उचलल्याशिवाय नक्की कसं म्हणू?"

घरी येऊन त्यांनी पलंगाखालचा जॅक काढला आणि अंगणात गाडीखाली वाकले. जॅक त्यांनी सवयीनं मधोमध सरकवला. मी त्यांचा हात धरला.

"आण्णा, तिथं बॅटरी आहे. सगळी खालची बाजू बॅटरीच आहे. तिथं दाब द्यायचा नाही."

ते तसेच वाकलेले थांबले. मला वाटलं आता उठून आत जातील. मी पुस्तिका आणली, चित्र दाखवलं. चाकाजवळ कडेला एक खाच होती, जॅक तिथंच लावायचा होता. त्यांनी चष्मा लावून ते चित्र दोनदा बघितलं आणि विचारलं, "ती नारिंगी वायर मागल्या चाकाकडं येती का?" मी पुस्तिकेत शोधून सांगितलं, नाही, मोटर पुढं आहे, ती वायर पुढंच जाते. "मंग काय," म्हणत त्यांनी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, मला हँडब्रेक सोडायला लावला आणि खाचेत जॅक बसवला.

आधी त्यांनी डावं चाक उचललं. मला वाटलं घाईत चुकले, पण ते म्हणाले, चांगलं चाक कसं असतं ते हाताला आधी कळू दे. एका हातानं चाक गरकन फिरवलं आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या वरच्या स्प्रिंगवर ठेवली. मग माझी बोटं तिथं ठेवली. काहीच नव्हतं, चाक फिरतंय एवढंच. नंतर उजवं चाक उचललं, फिरवलं. माझ्या बोटांखाली स्प्रिंगमधून बारीक बारीक काटे वर येत होते. मी रोज गायी-म्हशींच्या पोटावर हात ठेवून आतलं काय ते ओळखते, त्यामुळं मला ते पटायला वेळ लागला नाही. आण्णा माझ्याकडं बघत होते.

"कळलं?"

"कळलं."

"याला कान लागत न्हाईत," ते म्हणाले, आणि उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला.

बेरिंग शहरातल्या स्पेअरच्या दुकानातून मागवलं. पार्सलनं यायला दोन दिवस लागले. तेवढे दिवस मी गाडी हळू चालवत जवळची गावं केली. शुक्रवारी दुपारी सुट्टी होती. आण्णांनी मला गाडीत बसवून ब्रेक दाबून धरायला लावला, पान्याला लांब पाईप लावला आणि चाकाच्या मधला मोठा नट सैल केला. मग चाक काढलं, ब्रेकचा ड्रम ओढून बाहेर घेतला. बेरिंग त्या ड्रमच्या मधोमध घट्ट बसवलेलं असतं. त्यांनी अंगठ्यानं त्याच्या कडेचं ग्रीस पुसलं आणि उन्हात धरलं. ग्रीस पांढरट-तांबूस झालं होतं, पाणी मिसळल्यासारखं.

"ही गाडी पाण्यात गेलती," ते म्हणाले.

ते ग्रीस दोन बोटांत चोळत बसले. मग मी सांगितलं. सप्टेंबरात खूप पाऊस झाला तेव्हा सिरसाळ्याच्या पलीकडच्या एका वस्तीवर म्हैस अडली होती. पारडू आडवं आलं होतं. मध्ये ओढा होता आणि पाणी पुलावरून जात होतं. लोक म्हणाले, ट्रॅक्टर येईल, थांबा. मी थांबले नाही. पाणी दाराच्या खालपर्यंत आलं होतं, आणि मधल्या एका जागी गाडी किंचित बाजूला सरकल्यासारखी वाटली होती. ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आण्णांना तर नाहीच.

सांगताना मी त्यांच्याकडं बघत नव्हते. त्यांनी फडक्याला हात पुसले.

"म्हैस वाचली का?"

"वाचली. पारडूपण."

"बरं झालं," ते म्हणाले. थोड्या वेळानं, ड्रम उचलताना, म्हणाले, "पुढच्या बारीला ट्रॅक्टरची वाट बघ."

ड्रम घेऊन आम्ही मोंढ्याजवळच्या, धान्याच्या बाजाराजवळच्या, लेथच्या दुकानात गेलो. ते दुकान आण्णांच्या जुन्या दोस्ताचं. दोघं एकाच वयाचे. त्याच्याकडं प्रेस आहे, म्हणजे दाब देऊन बेरिंग काढायचं आणि बसवायचं यंत्र. आण्णा त्या दुकानात बऱ्याच वर्षांनी गेले होते. दोस्तानं त्यांना बघून स्टूल पुसलं आणि म्हणाला, "जिंदा हाय का बे तू?" आण्णा हसले. जुनं बेरिंग कटकन निघालं, नवं आण्णांनी स्वतः सरळ धरून बसवलं. संध्याकाळच्या आत आम्ही चाक लावून परळीच्या रस्त्यावर होतो. साठ केले, सत्तर केले, डाव्या वळणावरून गेले. मागून काहीही आवाज नव्हता. फक्त टायर आणि वारा.

मी आण्णांना सांगायला मान वळवणार, तेवढ्यात समोर पिवळा दिवा लागला. एबीएसचा. घसरताना ब्रेक सांभाळणारी जी यंत्रणा असते, तिचा. मी गाडी बंद करून परत चालू केली. थोडं अंतर गेलं की दिवा परत लागायचा.

आण्णांनी मागून दिवा बघितला होता. घरी आल्यावर ते जेवायला बसले, अर्धी भाकरी खाल्ली. सकाळी मी उठले तेव्हा त्यांनी जॅक पुसून पलंगाखाली ठेवून दिला होता.

"गाडी शहरात नेऊन दे," ते म्हणाले. "मला जमलं न्हाई. उगंच हात घातला."

मी वाद घातला नाही. वाद घातला असता तर ते आणखी मिटून गेले असते. दवाखान्यात गेल्यावर मी स्पेअरच्या दुकानात फोन लावला आणि आवाज गेला पण दिवा लागला, असं सांगितलं. पलीकडच्या माणसानं एकच प्रश्न विचारला, "मॅग्नेटची बाजू आत ठेवली का बाहेर?" त्यानं समजावून सांगितलं. या बेरिंगच्या एका तोंडावर, काळ्या रबराच्या आत, चुंबकाची पट्टी असते. चाकाजवळ बसवलेला सेन्सर ती पट्टी वाचून चाक किती फिरतंय ते मोजतो. बेरिंग उलटं बसलं तर सेन्सरला काहीच दिसत नाही. आणि एकदा दाबून बसवलेलं बेरिंग काढलं की खराब होतं, ते परत वापरायचं नाही. मी दुसरं मागवलं.

संध्याकाळी आण्णांना सांगितलं. त्यांना पटेना. "बेरिंगला कसलं चुंबक? मी दोनी बाजू बघितल्या, दोनी सारख्याच हायेत." माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं. मी म्हटलं, दुसरं येऊ द्या, मग बघू.

ते सोमवारी आलं. मी मुद्दाम घरी उघडलं नाही, आण्णांना घेऊन सरळ लेथच्या दुकानात गेले. सगळं ऐकून दोस्तानं आधी आण्णांना ऐकवलं, "पस्तीस वर्षं डेपोत काय केलं बे?" मग तो लेथखाली वाकला आणि तिथं साठलेला लोखंडाचा अगदी बारीक चुरा कागदाच्या कपट्यावर घेऊन आला. बेरिंग बाकावर आडवं ठेवलं, त्यावर एक कोरा पातळ कागद अंथरला, म्हणजे चुरा आत जायला नको, आणि चिमटीनं चुरा भुरभुरला. कागदाला बोटानं टिचकी मारली. चुरा तसाच पसरून राहिला. त्यानं चुरा झटकला, बेरिंग उलटं केलं, परत कागद, परत चुरा, परत टिचकी.

या वेळी चुऱ्याची रांगोळी झाली. गोल, आणि त्या गोलात सारख्या अंतरावर बारीक बारीक उभ्या रेघा.

आण्णांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि खूप वेळ ते बघत राहिले. बोट लावलं नाही.

"ही बाजू आत," शेवटी ते म्हणाले. "वाचणाऱ्याकडं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "चूक माजीच हाय. विचारायला पायजे होतं."

दोस्त म्हणाला, "मलाबी कुठं म्हाईत होतं? बसवलं तर दोघांनीच." आण्णांनी त्याच्याकडून खडू घेतला आणि बेरिंगच्या त्या तोंडावर एक छोटी फुली मारली. दुकानासमोरच गाडी उचलून चाक आणि ड्रम काढला, उलटं बसवलेलं बेरिंग दाबून काढलं, ते त्यांनी कागदात गुंडाळून खिशात टाकलं. नवं बसवताना तीनदा थांबून फुली कुठं आहे ते बघितलं. सेन्सरचं टोक त्यांनी मऊ फडक्यानं पुसलं, नवा नट लावला. तो किती आवळायचा याचा आकडा मी स्पेअरवाल्याला विचारून ठेवला होता. तेवढाच आवळायला दोस्तानं शेजारच्या ट्रॅक्टर गॅरेजमधून काट्याचा पाना मागून आणला. एरवी आण्णांनी असल्या पान्याला हात लावला नसता, हाताला कळतं म्हणाले असते. त्या दिवशी त्यांनी काटा बघत बघत आवळला.

परळीच्या रस्त्याला आम्ही तिघं गेलो. दोस्त पुढं माझ्या शेजारी, आण्णा मागं उजवीकडं. पहिले चार-पाच किलोमीटर आम्ही तिघंही समोरच्या दिव्यांच्या जागेकडं बघत होतो. मग दोस्तानंच काच खाली केली आणि म्हणाला, "गाडी चालू हाय का बंद?" मी गाडी वळवली. दिवा लागला नाही.

त्यानंतर आण्णा आठवड्यातून दोनदा लेथच्या दुकानात जाऊन बसायला लागले. तिथं कोणी गाडीचं काही विचारलं तर आधी म्हणतात, मला ऐकू येत न्हाई, तू सांग काय होतं ते. आणि मग बारकाईनं प्रश्न विचारतात. मध्ये एकानं आपली विजेची तीनचाकी तिथं आणली होती, तिच्याही मागच्या चाकातून आवाज येत होता. त्या माणसाला त्यांनी स्प्रिंगवर बोटं ठेवायला लावली. जॅक कुठं लावायचा ते मात्र आधी पुस्तकात बघून ये म्हणाले, आणि तो पुस्तक आणेपर्यंत गाडीला हात लावला नाही.

माझ्या गाडीचं डावं चाकही त्याच पाण्यातून गेलं होतं. त्यामुळं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आण्णा ते उचलून फिरवून बघतात आणि मलाही बोटं ठेवायला लावतात. अजून तरी ते गप्प आहे.